दोन एकर केळी विकून पोराला रेसिंग ड्रायव्हर करायचं का?

तापीकाठचा
विषय घरातला आहे, पण मत सगळ्यांचं हवंय. बहीण रावेर तालुक्यात दिलीय. दाजींची सहा एकर केळी, भाचा अकरा वर्षांचा. गेल्या मे महिन्यात पुण्याला लग्नाला गेले असताना पोराला भाड्याच्या गो-कार्टमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाडीत, बसवलं. दहा मिनिटं फेऱ्या झाल्या, कॉलेजची पोरं मागे आणि हा पुढे. तिथे टायमिंगची छापील चिठ्ठी देतात. दाजींनी ती लॅमिनेट करून पाकिटात ठेवलीय. बँकेत काढतात, कृषी केंद्रावर काढतात, परवा एका दशक्रियेतही काढली.

आता त्यांचं ठरतंय की दोन एकर विकायचं आणि पोराला रेसिंग ड्रायव्हर करायचं. डोळा थेट फॉर्म्युला वनवर. दाजींना तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत स्पष्ट आहे. हे करिअर नाही, हौस आहे, आणि ती ज्याच्या घरात पैसा पडून आहे त्यानेच करावी. फॉर्म्युला वनमध्ये जगभरातून वीस-बावीस जागा. भारतातून आजवर दोघंच तिथे शर्यतीत उतरले. नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन संघाकडून, करुण चंढोक २०१० ला एचआरटीकडून. कार्तिकेयनचे एकूण गुण पाच, तेही इंडियानापोलिसच्या एकाच शर्यतीतले. त्या दिवशी मिशेलिन टायरवाल्या संघांनी माघार घेतली, सहाच गाड्या धावल्या, तो चौथा आला. त्याच्या पाठीशी टाटा होते. दाजींच्या पाठीशी विकास सोसायटीचं पीककर्ज आहे.

आग्रारोड
धुळ्याहून लिहितोय. तुमचा सूर पटला नाही. लुईस हॅमिल्टनचा बाप काही लखपती नव्हता. पोराच्या कार्टिंगसाठी एका वेळी दोन-तीन कामं करायचा. पोरगं आठव्या वर्षी कार्टमध्ये बसलं, तेराव्या वर्षी मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाने हात धरला, पुढे सात विश्वविजेतेपदं. फ्रान्सचा ड्रायव्हर एस्तेबान ओकोन, त्याच्या आईबापांनी तर राहतं घर विकलं आणि कॅरॅव्हॅनमध्ये संसार केला. तो २०२१ ला हंगेरीची शर्यत जिंकला. तेव्हा त्यांच्याही गावात कुणीतरी मामा असेलच की, "कशाला विकता" म्हणणारा.

आणि डॉक्टर करायला मॅनेजमेंट कोट्यात शेत विकलं तर कुणी धागा काढत नाही.

तापीकाठचा
@आग्रारोड घर विकून ज्यांचं पोरगं पोचलं नाही, त्यांची मुलाखत कुणी घेतली का भाऊ? आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त पोचलेला.

डॉक्टरचं म्हणाल तर नापास झाला तरी दुसऱ्यांदा परीक्षा देता येते. इथे शिडीची प्रत्येक पायरी विकत घ्यायची. कार्टिंग, मग फॉर्म्युला ४, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला २. मी चौकशी केली. कार्टिंगच्या एका हंगामाचा टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास धरून आकडा दहा लाखांच्या पुढेच सांगतात. फॉर्म्युला २ च्या एका हंगामाला वीस कोटी लागतात म्हणे. एवढं करून फॉर्म्युला वनचं सुपर लायसन्स हवं तर सहसा वय अठरा पूर्ण आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण.

मुंबईचा जेहान दारूवाला घ्या. हुशार पोरगा. २०२० ते २०२३ अशी चार वर्षं फॉर्म्युला २ मध्ये काढली, शर्यती जिंकल्या, रेड बुलच्या ज्युनियर गटात होता, मॅक्लारेनच्या जुन्या गाडीची चाचणीही केली. तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. फॉर्म्युला ई मध्ये, म्हणजे विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत गेला, तीही एका हंगामापुरती. दाजी दोन एकरात यातली कितवी पायरी चढणार?

केळीवाला
पहिलीसुद्धा अर्धीच.

पट_प्रेमी
मला हसू येतंय. आपल्या भागात शंकरपटाच्या बैलजोडीवर लोक लाखानं पैसे घालतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याची किंमत ऐकून डोळे फिरतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा हीच मंडळी रस्त्यावर होती, "ही आमची परंपरा". २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले. बैलाला खुराक कोणता, मालीश किती वेळ, यावर पारावर रात्र सरते. मग पोरानं गाडी पळवायची म्हटली की लगेच "करिअर काय"? बैलाला कुणी विचारलं का करिअर?

तापीकाठचा
@पट_प्रेमी बैल हरला तर औताला जुंपता येतो. 😄

पट_प्रेमी
पटाचा बैल औताला कोण जुंपतं? तुम्ही शेतकरी आहात की नाही?

अमळनेरची
एक आई म्हणून लिहिते. सगळे पैशावर बोलताय. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. तेरा. माझा मुलगा त्याच वयाचा आहे. त्याच वर्षी जानेवारीत त्याच ट्रॅकवर एक अनुभवी ड्रायव्हर गेले. बातमी वाचली त्या दिवसापासून मी त्याला गेममध्येसुद्धा गाडी चालवताना बघू शकत नाही. त्या रावेरच्या ताईंना कुणी विचारलंय का?

आग्रारोड
@अमळनेरची ताई, भीती खरी आहे, नाकारत नाही. पण सुरक्षेवर या खेळात जितकं काम झालंय तितकं आपल्या हायवेवर नाही. १९९४ ला आयर्टन सेना हा विश्वविजेता ड्रायव्हर शर्यतीत गेला तेव्हापासून ट्रॅक बदलले. २०१४ ला जपानमधल्या सुझुकाच्या अपघातात बियांकी या ड्रायव्हरच्या डोक्याला मार बसला, तो पुढच्या वर्षी गेला. २०१८ पासून ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हॅलो नावाची टायटॅनियमची चौकट सक्तीची झाली. २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली, आणि माणूस त्यातून स्वतः चालत बाहेर आला. आमच्या लळिंग घाटात एसटीच्या मागून ओव्हरटेक करणारा बुलेटवाला रोज यापेक्षा मोठा जुगार खेळतो, तोही बिनहेल्मेट.

अमळनेरची
हॅलो फॉर्म्युला वनच्या गाडीला आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या कार्टला छप्परही नसतं, सीटबेल्टही नसतो. मी फोटो बघितलेत.

पिथमपूर_रिटर्न
यावर बोलायचा थोडा अधिकार आहे. इंजिनिअरिंगला असताना आम्ही पोरांनी बाहा स्पर्धेसाठी (कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांची) बग्गी बनवली होती. आग्रा रोडने धरलं तर पिथमपूर धुळ्यापासून फार लांब नाही, टेम्पोत बग्गी टाकून रात्रीतून गेलो. शेवटची चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत. आमचा ड्रायव्हर शिंदखेड्याचा, हात असा की खड्डा त्याला आधीच दिसायचा. दीड तास मस्त चाललं. मग पुढच्या डाव्या चाकाच्या विशबोनची (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याची) वेल्डिंग सुटली. ती वेल्डिंग मी केली होती. घाईत, रात्री दोनला, भुसभुशीत. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलला नाही. आजही लग्नकार्यात भेटला की माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघतो.

सांगायचं हे की तुम्ही दोघंही फक्त ड्रायव्हरकडे बघताय. कार्तिकेयन कोइम्बतूरचा. कोइम्बतूर काही मुंबई-दिल्ली नव्हे. पण तिथे करिवर्धन नावाचा माणूस होऊन गेला. गिरणीवाल्या घरातला. त्याने मारुती ८०० चं इंजिन टाकून स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बनवल्या. एका आसनाच्या, उघड्या चाकांच्या. लोक त्याला फॉर्म्युला मारुती म्हणायचे. त्या गाड्यांमुळे कमी पैशात शर्यती सुरू झाल्या. तो १९९५ ला हवाई अपघातात गेला, आज तिथल्या ट्रॅकला त्याचं नाव आहे. आधी गाडी बनवणारा, मग ट्रॅक, मग ड्रायव्हर. आपल्याकडे ड्रिप, पाइप, ट्रॉली, रोटाव्हेटर बनवणारे हात शेकड्यानं आहेत. त्यातला एकही कार्ट बनवत नाही. मग ड्रायव्हर काय हवेतून येणार?

आग्रारोड
हे मात्र भारी लिहिलंत. पण म्हणून करिवर्धन जन्मेपर्यंत पोरानं थांबायचं का? अकरा वर्षं म्हणजे आधीच उशीर. तिकडे सहाव्या-सातव्या वर्षी सुरू करतात.

पिथमपूर_रिटर्न
दारूवाला तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू झाला. उशिराचं कारण देऊन शेत विकायची घाई करू नका.

सातपुडा_दुचाकी
चारचाकीचा नाद सोडा. दुचाकीत निदान पगार देणाऱ्या कंपन्या आहेत. टीव्हीएस, हिरो यांचे स्वतःचे शर्यतीचे संघ आहेत, चांगला निघाला तर गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचा. बेंगळुरूच्या सी. एस. संतोषने २०१५ ला लांब पल्ल्याची डकार रॅली पूर्ण केली, असा पहिला भारतीय. केरळचा हरिथ नोहा २०२४ ला डकारमध्ये रॅली-२ या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला आला, एकूण अकरावा. वाळू आणि दगड. तोरणमाळच्या घाटात वाढलेल्या पोराला ते नवीन आहे का?

अमळनेरची
संतोष २०२१ च्या डकारमध्ये पडून कोमात होता, तेही लिहा की.

सातपुडा_दुचाकी
हो ताई. लिहायला हवं होतं.

केळीवाला
माझं दोन मिनिटांचं. हल्ली रोगाने बाग उपटावी लागली तर वर्ष जातं, थंडीत घड भरत नाही, भाव पडला तर तोडणीही परवडत नाही. केळी काय सुरक्षित करिअर आहे असं समजू नका. पण जमीन राहिली तर पुढच्या वर्षी कंद लावता येतो. विकलेली जमीन शेजारी घेतो, आणि रोज सकाळी बांधावरून त्याची केळी बघावी लागते. आमच्याकडे वडिलांनी लग्नासाठी एक एकर विकला होता. मी अजून त्या बाजूच्या वाटेने जात नाही.

आग्रारोड
शेवटचं एक सांगतो. हा खेळ नव्हे असं सरकारही म्हणायचं. ग्रेटर नोएडाला २०११ पासून तीन वर्षं फॉर्म्युला वन झालं, उत्तर प्रदेश सरकारने त्याला करमणूक समजून कर लावला, नि २०१३ नंतर ते बंदच. पुढे २०१९ ला रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. वळणावर पाचपट वजन येतं तेव्हा डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर तीस किलोच्या वर भार पडतो, तो प्रत्येक फेरीत, दीड-दोन तास. त्याला हौस म्हणणाऱ्याने एकदा मानेला गव्हाचं अर्धं पोतं बांधून बघावं.

खान्देशी_आबा
भाऊ, तुमनं बठ्ठानं खरं शे. पन पोऱ्याले कोनी इचारं का?

तापीकाठचा
आबा, तुमच्यामुळे काल फोन लावला. दाजींना नाही, थेट भाच्याला. विचारलं, "तुला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय का?" तो म्हणाला, "मामा, मला ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेता येते आता." मी म्हटलं ते नाही विचारलं. तर म्हणे, केळीच्या दोन ओळींमधून, एकाही पानाला न लागता. अकरा वर्षांच्या पोराच्या हातात स्टिअरिंग दिलं म्हणून दाजींना वेगळं बोलणार आहे, तो विषय इथे नको. पण ट्रॉली उलटी घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं, हे मला चाळिशीत जमत नाही.

माझं मत बदललेलं नाही. जमीन विकू नये. पण दाजींना एक सुचवलंय. दिवाळीच्या सुट्टीत भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेस पकडायची, जवळपास चोवीस तासांत चेन्नई. तिथे खऱ्या रेसिंग कार्टमध्ये दोन दिवस बसवायचं, भाड्याच्या कार्टमध्ये नाही. शिकवणाऱ्याला तोंडावर विचारायचं की पोरात काही आहे का. खर्च अर्धा माझा. दाजी जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले तोडणी झाली की बघू.

बहीण अजून काही बोललेली नाही. @अमळनेरची, तिलाही विचारणार आहे, या रविवारी.

आणि भाच्याचा रात्री परत फोन आला. "मामा, चेन्नईला पण ती टायमिंगची चिठ्ठी देतात का?"