कान टोचून 9 दिवस झाले, डाव्या पाळीला चिकट पाणी येतंय. हळद-तेल लावू की थांबू?

नंदगडची आई

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला राहतो. मुलगी सात महिन्यांची आहे. बारशालाच कान टोचायचे होते, खरं जन्मली तेव्हा ती वजनाला कमी होती आणि डॉक्टरांनी साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन झाल्याशिवाय टोचू नका म्हणून सांगितलं. मग घरात सुतक आलं, मग पेरणी. शेवटी बेळगावच्या शहापूरला सराफ गल्लीत, सासूबाईंच्या माहेरच्या सोनाराकडे जाऊन टोचून आलो. बंदुकीने नाही, तारेने. सोन्याच्या बारीक तारेची सुंकली घातलीत, म्हणजे लहान रिंगा. दोन्ही कान मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. रडली, अंगावर घेतल्यावर गप्प झाली.

उजवा कान छान आहे. डाव्याला चौथ्या दिवसापासून मागच्या बाजूने चिकट पाणी येतंय. सकाळी तारेभोवती पिवळसर खपली धरलेली असते, उशाच्या फडक्याला डाग असतो. पाळी खालून लाल झालीय आणि लाली कमी होण्याऐवजी वाढायलीय असं मला वाटतं. ताप नाही, दूध पिते, खेळते. खरं झोपेत डाव्या कुशीवर वळली की किंचाळून उठते.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई रोज रात्री खोबरेल तेलात हळद कालवून कोमट करून लावतात. टिळकवाडीतली माझी बहीण म्हणते, स्पिरिटने पूस. शेजारच्या अक्का (कन्नड आहेत, माझ्या बाळंतपणात त्यांनी आईसारखं केलं) म्हणतात, तार काढ आणि कडुलिंबाची काडी घाल, त्यांच्या तिन्ही मुलींचे कान तसेच बरे झाले. तिघींचाही पोरीवर जीव आहे, म्हणून कुणाला नको म्हणवत नाही. त्यात पाऊस असा लागलाय की आठ दिवस कपडा वाळलेला नाही. कुंच्या, दुपटी, सगळं शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवायलोय.

विचारायचं ते हे. हळद-तेल चालू ठेवू का? तार रोज फिरवायची का? सोनारांनी फिरवा म्हणून सांगितलंय, खरं फिरवताना ती इतकी रडते की माझेच हात थरथरतात. आणि कुठवर घरी बघायचं, कधी दवाखाना गाठायचा?

सराफ गल्लीतली सून

ताई, आमचंही दुकान त्याच गल्लीत. सासरे आयुष्यभर कान टोचत आले, म्हणून बघून बघून जे कळलंय ते सांगते.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते नुसतं म्हणायला नाही. सासरे पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडे करतात, शिरा कुठून गेल्यात ते आरपार दिसतं. दोन्ही पाळ्यांना शाईचा ठिपका देतात, बाळाला समोर धरायला लावून ठिपके एका रेषेत आहेत का ते बघतात, मगच हात चालवतात. तारेचंच टोक घासून अणकुचीदार केलेलं असतं, तेच पाळीतून काढून गोल वळवायचं आणि मागे पीळ देऊन टोक दुमडायचं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हा जो मागचा पीळ आहे ना, तो पुढून दिसत नाही. त्याच्यात केस अडकतो, झबल्याचा धागा अडकतो, कुंचीची लोकर अडकते. एकाच कानाला त्रास होतोय म्हणजे तार वाईट नाही, दोन्ही तारा एकाच सोन्याच्या. तेव्हा टॉर्च धरून डाव्या पाळीच्या मागे नीट बघा.

सोनं 22 कॅरेटचं असेल तर शिक्का 916, म्हणजे हजारात 916 भाग सोनं आणि बाकी बहुतेक तांबं-चांदी. त्याने सहसा खाज उठत नाही. खोट्या कानातल्यात बरेचदा निकेल असतं, ते नव्या भोकात कधीच घालू नका, कितीही गोड दिसलं तरी.

काडीचं म्हणाल तर पूर्वी भोक बुजू नये म्हणून काडी घालत, हे खरं. पण ओल्या जखमेत लाकडाची कुसं सुटतात. सासरे कुणाला घालू देत नाहीत. आणि तार आपण होऊन काढू नका. नऊ दिवसांचं भोक बघता बघता बुजतं, मग परत टोचायची पाळी येते.

निपाणीची नर्सबाई (निवृत्त)

पोरी, घाबरू नको, खरं हयगयही करू नको. तुझं लिहिणं मी दोनदा वाचलं.

टोचलेलं भोक म्हणजे आरपार जखम आणि तिच्यात धातू. पहिले काही दिवस पातळ, पांढरट-पिवळसर पाणी येतं, वाळून त्याची खपली होते. ते जखम भरण्याचंच काम आहे, पू नव्हे. पू दाट असतो, हिरवट-पिवळा, कधी वास मारतो. तुझ्या लिहिण्यावरून पू दिसत नाही. खरं मला खटकलं ते दुसरंच: चौथ्या दिवसानंतर लाली आणि दुखणं वाढत चाललंय. नवव्या दिवशी ते उतरणीला लागायला हवं. बाळ सात महिन्यांचं आहे, तिला सांगता येत नाही. म्हणून उद्याच दाखवून ये.

हळद मी वाईट म्हणत नाही, माझ्या स्वयंपाकघरात पण तीच आहे. खरं दळलेल्या हळदीचे कण तेलाबरोबर भोकात जाऊन बसतात, खपलीत कालवले जातात. ती काही निर्जंतुक नसते. त्याहून मोठं म्हणजे पिवळ्या रंगाखाली लाली किती पसरली तेच कळत नाही. तेलाने भोक कोंदतं, तुमच्या खानापूरच्या पावसात तर जास्तच. आणि स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नवी कातडी जळते. मोठ्या माणसाला झोंबतं तर त्या लेकराला काय होत असेल, बघ.

आता काय करायचं ते. हात साबणाने स्वच्छ धू, नखं कापलेली असू देत. पाव लिटर पाणी खळखळ उकळव, त्यात चहाचा पाव चमचा मीठ घाल, कोमट होऊ दे. जास्त मीठ घालू नको, त्याने कातडी कोरडी पडते. मेडिकलमध्ये 0.9 टक्क्याची नॉर्मल सलाइनची लहान बाटली मिळते, ती आणलीस तर उत्तमच. कापूस नको, त्याचे तंतू तारेला चिकटतात. गॉजची घडी भिजवून पाळीला पुढून-मागून दोन-तीन मिनिटं धर. ती अंगावर पीत असताना धर, तेव्हा मान हलवत नाही. खपली भिजून सुटली तर टिपून घे, नाही सुटली तर राहू दे. नखाने काढायची नाही. मग कोरड्या गॉजने टीप. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, बस. दिवसातून सहा वेळा केल्याने सहा पट लवकर बरं होत नाही.

तार फिरवू नको. फिरवायला पूर्वी आम्हीही सांगायचो. खरं वाळलेली खपली धरून तार फिरवली की ती खपली आत जाते आणि भरत आलेलं भोक परत सोलवटतं. ती रडते ते उगीच नाही.

माझ्या नातीचं सांगते, कारण ते मी अजून विसरलेले नाही. तिचे कान एका दुकानात बंदुकीने टोचले. त्या बंदुकीचा प्लास्टिकचा भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही, आणि त्याचं कानातलंही मागून खटकन आवळून बसतं. फिरकी पाळीला घट्ट चिकटलेली होती. पाळी थोडी सुजली आणि सुजेला जायला जागाच नव्हती. पुढून खडा चमकत होता, सगळे गोड गोड म्हणत होते. अकराव्या दिवशी न्हाऊ घालताना मी कान उलटा करून बघितला तर फिरकी दिसेना. मागे नुसता टिंबाएवढा खळगा, फिरकी आत रुतलेली. दवाखान्यात जागा बधिर करून काढावी लागली. मी नर्स, आणि अकरा दिवस मी मागून बघितलं नव्हतं. तेव्हापासून ज्याला त्याला सांगते: कान पुढून बघायचा नाही, मागून बघायचा.

तुझ्या पोरीची तार सैल आहे, हे बरं आहे. लगोलग दवाखाना कधी गाठायचा: ताप आला, दाट पू आला, पाळी गरम लागून टम्म झाली, कानामागे किंवा मानेत गाठ लागली, तार कातडीत शिरल्यासारखी दिसली, किंवा बाळ पिईना झालं. लाली पाळीवरून वरच्या टणक भागाकडे चढली तर रात्र असली तरी थांबायचं नाही. त्या कूर्चेला रक्त कमी पोचतं, तिथला संसर्ग कानाचा आकार कायमचा बिघडवतो. आणि पू असला तरी तार घरी उपसायची नाही. भोकाची तोंडं मिटतात, पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.

साडेतीन महिन्यांपर्यंत थांबलात ते फार चांगलं केलंत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तिन्ही डोसांत धनुर्वाताची लस असते.

चिक्कोडीची आजी

बाई, रागावू नका, माझ्या चार लेकी आणि सात नातवंडं हळद-तेलावरच बरी झाली. कुणाचा कान चिघळला नाही. आता एकदम ते वाईट कसं झालं? सून असं सांगायला लागली तर सासूच्या जिवाला लागतं, म्हणून विचारते.

बेळगाव, आयुर्वेदाचा विद्यार्थी

आजी, तेलाची रीत जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 16 वा अध्याय कान टोचण्यावरच आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावं, मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा, सूर्याच्या उजेडात पाळीत जिथून प्रकाश दिसतो तिथेच टोचावं, मग तेल सोडावं आणि तिसऱ्या तिसऱ्या दिवशी थोडी जाड वात घालावी, असं सगळं त्यात आहे. खरं त्याच अध्यायात पुढचंही सांगितलंय, जे आपण घरी विसरतो. जागा चुकली किंवा वातीमुळे दुखायला, सुजायला लागलं, तर ती वात काढा, आधी जखम भरू द्या, पूर्ण भरल्यावर परत टोचा. म्हणजे चिघळलेल्या कानावर तेच चालू ठेवा असं तिथेही म्हटलेलं नाही. लेप कोणते ते इथे लिहीत नाही, त्यात मध आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मध नको.

निपाणीची नर्सबाई (निवृत्त)

आजी, रागावत नाही हो. तुमच्या नातवंडांचे कान साधे सरळ भरत होते, तेल चालून गेलं. या कानाला काहीतरी झालंय, तेव्हा त्यात काही घालायचं नाही, एवढंच. सासूबाईंचा हात तेलाच्या वाटीवरून मिठाच्या पाण्यावर आणायचा. काम त्यांच्याकडेच राहू दे.

नंदगडची आई

सगळ्यांना नमस्कार. सहा दिवसांनी लिहितेय, आमच्याकडे मधे तीन दिवस लाईट नव्हती.

सराफ गल्लीतल्या ताईंचं वाचून त्याच रात्री टॉर्च लावून मागून बघितलं. खपलीशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी खानापूरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सलाइनने खपली भिजवली, पाच मिनिटं तशीच धरली, आणि चिमट्याने पिळाजवळून लोकरीचा धागा काढला. लाल. नखाएवढा, खरं तारेला दोन वेढे घातलेला आणि भोकाच्या तोंडाशी आत ओढला गेलेला. मी रोज तार फिरवायची, दर वेळी तो आणखी आवळत गेला असणार. माझ्या नणंदेने सातव्या महिन्यातल्या माझ्या डोहाळजेवणाला विणलेली लाल कुंची, तिचा तो धागा. वरून हळद आणि खपली माखलेली होती, म्हणून आधी दिसलाच नव्हता.

पू नव्हता. पाच दिवसांचं मलम दिलं, तेही भोकात कोंबायचं नाही, बोटाच्या टोकाएवढं वरून. तार ठेवली.

सासूबाईंना मी काहीच समजावलं नाही. डॉक्टरांनी तो धागा पांढऱ्या गॉजवर ठेवून त्यांच्यासमोर धरला. घरी आल्यावर त्यांनी न बोलता आपलं जुनं इरकली लुगडं काढलं, सुती, धुवून धुवून मऊ पडलेलं. त्याची कुंची शिवली, शिवण सगळी बाहेरच्या अंगाने, आत एक दोरा नाही. मीठ-पाण्याचं आता त्याच बघतात, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पाणी उकळायला ठेवलेलं असतं. अक्कांनाही सांगितलं, त्या कानाच्या मागे वाकून बघून गेल्या आणि म्हणाल्या, काडी नको मग.

लाली गेलीय. काल रात्री ती डाव्या कुशीवर झोपली आणि उठली नाही.

आणखी एक विचारते. तिचं जावळ सौंदत्तीला यल्लम्माला काढायचा नवस आहे, घरचे पुढच्या महिन्यात म्हणतायत. चालेल का?

निपाणीची नर्सबाई (निवृत्त)

टोचल्यापासून दीड-दोन महिने तरी उलटू देत. कापलेला बारीक केस लोकरीहून वाईट, डोळ्याला दिसतही नाही. लवकर जावंच लागलं तर दोन्ही कानांवर गॉज ठेवून वरून मऊ फडकं बांध, आणि घरी आल्याबरोबर सलाइनने पुढून-मागून धुऊन घे. वस्तरा नवं पातं घालून आणायला सांग. पुढेही वर्षभर कान रिकामा ठेवू नको, लहान मुलांची भोकं फार लवकर बुजतात.