प्रतिसाद: सव्वा महिन्यानंतरची तपासणी

वर एका ताईंनी विचारलंय, अंगावरून जायचं थांबलंय, टाकेही दुखत नाहीत, मग बाळंतपणानंतरची सहा आठवड्यांची तपासणी टाळली तर चालेल का? ताई, टाळू नका.

आमच्या इंदूरला रामबागेत माझ्या लेकीचं बाळंतपण झालं. मालिश, शेक, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर केलं. पण गर्भाशय जागेवर आलं का, हे मालिशवाल्या बाईंना पोटावरून नाही कळत. प्रसूतीनंतर ते बेंबीपाशी लागतं आणि साधारण एक किलोचं असतं. रोज बोटभर खाली सरकत दहा-चौदा दिवसांत ओटीपोटात उतरतं, सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. केवढं काम करतं हो शरीर! आणि घरात सगळ्यांचं लक्ष फक्त बाळाकडे.

तपासणीत टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन, स्तन बघतात. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचंही तेव्हाच विचारा. खोकताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, सांगा. रडू येतं, झोप लागत नाही, हेसुद्धा सांगा.

मात्र तासाभरात पॅड भिजलं, स्रावाला घाण वास आला, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज, यांतलं काहीही झालं तर सव्वा महिन्याची वाट बघायची नाही. लगेच दवाखान्यात जा, सोवळं-सुतक काही आड येऊ देऊ नका.