१३-१ वरून २-१०: हंगाम बुडाला की कोचला घालवायचं का?

चौथा_डाऊन
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या फ्लोरिडा स्टेटचे तीन हंगाम बघा. २०२३ ला १३-१ (१३ विजय, १ पराभव), २०२४ ला २-१०, २०२५ ला ५-७. तरी विद्यापीठाने मुख्य कोच माइक नॉर्वेलना ठेवलं आणि माझ्या मते ते बरोबरच केलं. २०२३ च्या संघातले १० जण पुढच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) निवडले गेले. एवढं खिंडार एका उन्हाळ्यात बुजत नाही. शिवाय याच माणसाने इथेच ३-६ आणि ५-७ पासून सुरुवात करून संघ १०-३ आणि मग १३-१ वर नेला होता.

डावा_टॅकल
खिंडार पडणार हे दिसत होतं, मग मागे पोरं तयार का नव्हती? जॅरेड व्हर्स ऑल्बनीहून आला, कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून. पोर्टलची, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदली करून आलेली, माणसं एक-दोन वर्षांत जातात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

सगळ्यात जास्त फटका ऑफेन्सिव्ह लाइनला बसतो, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या फळीला (मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल). शाळेतून आलेल्या लाइनमनला वजन आणि ताकद कमवायला दोन-तीन वर्षं लागतात. पोर्टलचा मोठा गडी लगेच मिळतो, पण शेजाऱ्याशी ताळमेळ तयार मिळत नाही. समोरचा एंड (बचावफळीतला टोकाचा गडी) आत घुसतो, डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीतला आतला गडी) त्याच्या मागून वळसा घालतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकलने माणसं अदलाबदल करायची असतात. नवा गार्ड आपल्याच माणसामागे जातो आणि क्वार्टरबॅकसमोर दार सताड उघडं. मग सॅक (चेंडूसकट क्वार्टरबॅक खाली), थर्ड डाऊनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, १२ यार्ड बाकी, शेवटी पंट (लांब किक मारून चेंडू सोडून देणं). २०२४ ला सामन्यामागे जेमतेम १५ गुण झाले, ते यातूनच.

हिशेबनीस
पैशाचंही बोला. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरना काढलं, बायआउट (करार मोडल्याची भरपाई) साडेसात कोटी डॉलरच्या वर. २०२५-२६ पासून विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून वर्षाला वाटू शकतं साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. कोचला घरी बसवायला याच्या तिपटीहून जास्त खर्च करणं म्हणजे वेडेपणा आहे.

डावा_टॅकल
बायआउटला बऱ्याचदा देणगीदार हात देतात, तो पैसा आपोआप खेळाडूंकडे वळेल असं नाही. आणि घाईचंही उदाहरण घ्या. नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्टना २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटीचे ७५ लाख झाले असते. तरी थांबले नाहीत, कारण हंगाम हातचा जात होता.

पंट_पहारा
नेब्रास्काचं नाव काढलंत म्हणून सांगतो, नुसत्या जय-पराजयावर जाऊ नका. २०२१ ला ते ३-९ होते, पण नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांनी आणि हंगामभराचे गुण मोजले तर प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्तच. मिशिगन स्टेटविरुद्ध पंट एका बाजूला गेला, कव्हरेज (किकमागे धावणारे गडी) दुसऱ्या बाजूला धावलं; थेट टचडाऊन, पुढे ओव्हरटाइममध्ये हार. हा स्पेशल टीम्सचा (किकच्या वेळी उतरणाऱ्या गड्यांचा) रोग, त्यावर औषध आहे. फ्लोरिडा स्टेट २०२४ ला नोत्र दामकडून ५२-३ ने हरलं. ते दुखणंच वेगळं.

चौथा_डाऊन
त्या ५२-३ नंतर आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे कोऑर्डिनेटर (सहायक कोच) बदललेच ना? आक्रमण गस माल्झान यांच्याकडे गेलं आणि २०२५ च्या पहिल्याच सामन्यात अलाबामाला ३१-१७ ने हरवलं.

डावा_टॅकल
पण घरच्या मैदानावर! बाहेर त्या वर्षी एकही विजय नाही. परक्या गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही. गार्ड मागे बघतो, खूण मिळाली की सेंटरला थाप मारतो, सेंटर मान हलवून स्नॅप देतो, म्हणजे चेंडू मागे सोडतो. टॅकलला ते बाजूला नजर ठेवून पकडावं लागतं, त्यामुळे तो क्षणभर उशिरा उठतो. थापेनंतर स्नॅपला लागणारा वेळ दर वेळी तोच राहिला, तर समोरचा एंड दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ठेका ओळखून टॅकलच्या आधीच सुटतो. म्हणून कधी एका थापेवर, कधी दोनवर स्नॅप द्यायचा असतो. स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतात, सरावाची सत्रं मिळतात १५. त्यांतली निदान चार सत्रं कर्णे लावून, कान किटतील अशा आवाजात घ्या. मग कोच ठेवा नाहीतर बदला.

पंट_पहारा
चार पुरतील, पण लाइनचे पाचही जण तेच असतील तरच. पोर्टलची खिडकी आता जानेवारीत एकदाच उघडते, त्यामुळे स्प्रिंगला हजर असलेले पाच जण ऑगस्टमध्येही तिथेच दिसण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे.