मशिदीतला गणपती दाखवून पुसेसावळी झाकायची का?

खटावकर
गणपती जवळ आले की गोटखिंडीचा फोटो फिरायला लागतो. वाळवा तालुक्यातलं गाव, मशिदीत बसणारा गणपती, चाळीसहून जास्त वर्षांची रीत. गावाबद्दल आदर आहेच. पण 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री आमच्या खटाव तालुक्यात पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला. आत नमाजाला बसलेल्यांना मारलं, एक तरुण गेला, गाड्या-दुकानं जळाली. निमित्त सोशल मीडियावरची आक्षेपार्ह पोस्ट. मेला तो पोस्ट टाकणारा नव्हताच! सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं आणि चालू झाल्यावर लोकांनी पहिलं काय टाकलं? 'आमच्याकडं असं नसतं' म्हणून गोटखिंडीचा फोटो.

माझं म्हणणं, असतं. परंपरेचं कौतुक थांबवा, त्या रात्री गावातली कर्ती माणसं कुठं होती ते विचारा.

वारणाकाठ
खटावकर, फोटो टाकणाऱ्यांचा राग गोटखिंडीवर कशाला काढता? तिथं दरवर्षी मंडळात बसून वर्गणी, मांडव, मिरवणूक ठरवावी लागते. विसर्जनाच्या सुमाराला ईद आली तर तिथले मुसलमान मटण टाळतात. हे आपोआप होतं का? कडेगावच्या मोहरमला जाऊन बघा, ताबुतांच्या भेटीला अख्खा गाव लोटतो, हिंदू घरांचे मान ठरलेले असतात. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा. जिथं एकमेकांच्या सणात काम असतं, तिथं अफवा आली तर निदान विचारायला माणूस असतो.

मावळा_सातारा
सगळं एकाच बाजूनं चाललंय. पोस्ट कुणी टाकली? देवांबद्दल, महाराजांबद्दल गलिच्छ लिहायचं आणि पोरं पेटली की हिंदूंना एकोपा शिकवायचा. तक्रार द्यायला गेलं की ठाण्यात 'बघतो' म्हणतात. राग असाच साठतो.

खटावकर
दादा, पोस्टवर धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवायला जुन्या दंडविधानात 295अ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत 299 आहे. पोलीस ढिले असतील तर मोर्चा ठाण्यावर न्या. मशिदीत शिरून नमाजी मारायला कुठलं कलम आहे?

मिरजवाला
मी सतारवाल्यांच्या गल्लीत वाढलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथं दर्ग्याच्या आवारात आहे, त्यांच्या नावानं दरवर्षी गाणं होतं, हे पाहुण्यांना सांगून सांगून कंटाळलोय. कारण 2009 ची दंगल पण इथंच झाली. गणपतीत स्वागत कमानीवर अफजलखान वधाचं चित्र, त्यावरून दगडफेक, विसर्जन अडलं, संचारबंदी, लोण इचलकरंजीपर्यंत. दीड महिन्यावर विधानसभेचं मतदान होतं, तेवढं लक्षात ठेवा.

वारणाकाठ भाऊ, गलेफ आणि सतार सांगून आम्हाला रात्री झोप लागत नाही. पन्हाळ्यापलीकडच्या कुणा पोरानं स्टेटस ठेवलं तरी माफी आमच्या मोहल्ल्यानं मागायची. हमी नेहमी आम्हीच का द्यायची?

मावळा_सातारा
मग त्या वेळी दगड कुणी मारले तेही लिहा की. आणि प्रतापगडाच्या पायथ्याला महाराजांनी खानाच्या कबरीला जागा दिली, तर चित्राचा राग कशाला?

मिरजवाला
ज्यानं मारले त्याला धरा, माझा आक्षेप नाही. मुसलमान असला तर आधी धरा. चित्राला विरोध करणारे मूर्ख होतेच. पण माझ्या चुलत्याचं दुकान आठवडाभर बंद का? त्यानं ना चित्र लावलं, ना दगड उचलला.

जुना_पोलीसपाटील
तुम्ही सगळे जुनं उगाळताय. शांतता समितीची बैठक मी बऱ्याच बघितल्यात. चहा, बिस्कीट, मंडळाचे अध्यक्ष, दोन मौलाना, साहेबांचं भाषण, फोटो. गाडी पेटवणारं पोरगं त्या खोलीत कधीच नसतं.

भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या केल्या, त्यात साधी माणसं घेतली आणि ती वारंवार बसवली. 1992-93 ला मुंबई जळत होती, शेजारची भिवंडी शांत राहिली. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये झुंडीच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी, म्हणजे त्या कामाला जबाबदार पोलीस अधिकारी, नेमायला सांगितलंय. आपल्या जिल्ह्यात तो कोण, इथल्या एकाला तरी माहीत आहे?

वारणाकाठ
पाटील, भिवंडीच्या समित्या म्हणजे माझाच मुद्दा झाला की. माणसं वर्षभर एकत्र बसवली.

खटावकर
तुमचा कसा? तुम्ही सणाला बसवता, पाटील भांडणाआधी बसवतायत. गोटखिंडीचं मंडळ पुसेसावळीला उचलून नेता येत नाही, समिती नेता येते.

मावळा_सातारा
समिती करा, पण त्यात नेहमीचे पुढारी नकोत. आमची पोरं घ्या. आणि आलेली तक्रार त्याच दिवशी नोंदवायची, नाहीतर आम्ही उठून जाणार.

जुना_पोलीसपाटील
मान्य. मग गणपतीआधीच्या बैठकीला तुमच्या पोरांना घेऊन या. मिरजवाले, तुम्हीपण.

मिरजवाला
येतो. माफी मागायला मात्र नाही.