केनेडी अवकाश केंद्र पाहण्यासाठी किती वेळ ठेवावा?

पाऊलवाट

नमस्कार. माझे आई-वडील सांगलीहून सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आले आहेत. जुलैमध्ये मुलांना सुट्टी असताना आम्ही सर्वजण आठवडाभर ओरलँडोला जाणार आहोत आणि बहुतेक दिवस मुलांच्या आवडीच्या उद्यानांसाठी ठरलेले आहेत. बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. या संपूर्ण प्रवासात त्यांनी स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट म्हणजे केनेडी अवकाश केंद्र. वर्गात चांद्रमोहीम शिकवताना ते सॅटर्न रॉकेटचे तीन टप्पे फळ्यावर काढून दाखवत असत, त्यामुळे ही भेट घाईत उरकली जाऊ नये, अशी माझी फार इच्छा आहे.

सध्याचा बेत असा आहे की शेवटच्या दिवशी सकाळीच हॉटेल सोडायचे, सामान गाडीत ठेवायचे, नऊ वाजता केंद्र उघडताच आत जायचे आणि दुपारी दोनला निघून ओरलँडोचा विमानतळ गाठायचा. विमान सायंकाळी पाचचे आहे. म्हणजे हाताशी पाच तास येतात. ते पुरतील का? आईचे गुडघे दुखतात, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि मुलगी चार वर्षांची. ज्यांनी हे केंद्र नीट पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उंबरझाड

मी फ्लोरिडातच राहतो आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन या केंद्रात नेहमी जातो. पाच तासांत तिथल्या दोन मुख्य गोष्टी पाहून होतात, परंतु तुम्ही बाबांचे जे वर्णन केले आहे ते वाचून मी स्पष्टपणे सुचवेन की हा बेत बदला आणि आठवड्याच्या मधला एक पूर्ण दिवस यासाठी काढा.

वेळेचे गणित बसफेरीपासून सुरू होते. तिकिटातच समाविष्ट असलेली ही बस तुम्हाला मुख्य प्रवेशसंकुलातून अपोलो-सॅटर्न दालनाकडे नेते आणि पाहून झाल्यावर तिथूनच परतीची बस मिळते. जाणे, पाहणे आणि येणे मिळून किमान अडीच तास धरावेत. वाटेत व्हेइकल असेम्ब्ली बिल्डिंग लागते. १६० मीटर उंचीच्या या एकाच इमारतीत सॅटर्न उभे राहिले, स्पेस शटल उभी राहिली आणि आता आर्टेमिस या नव्या चांद्रमोहिमेची रॉकेटही तिथेच जोडली जातात. बस तिथे थांबत नाही, त्यामुळे छायाचित्रे काढायची असल्यास खिडकीची जागा धरावी. तिच्याजवळून निघणारा खडीचा रुंद रस्ता बाबांना आवर्जून दाखवा. जोडून तयार झालेले रॉकेट क्रॉलर नावाच्या प्रचंड वाहनावर उभेच्या उभे ठेवून याच रस्त्याने प्रक्षेपणतळापर्यंत नेतात. भार घेतल्यावर क्रॉलरचा वेग ताशी जेमतेम दीड किलोमीटर असतो.

दालनात शिरल्यावर प्रथम एक लहान चित्रफीत उभ्याने पाहावी लागते आणि मग नियंत्रणकक्षात बसवतात. समोर अपोलो काळातील खरी नियंत्रणफलके मांडलेली आहेत आणि डिसेंबर १९६८ मधील अपोलो ८ च्या उड्डाणाची शेवटची मिनिटे तिथे पुन्हा उभी केली जातात. एकेका फलकावर दिवे लागत जातात, उलटी मोजणी संपते आणि खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात. त्यानंतर दार उघडले की तुम्ही थेट सॅटर्नच्या पहिल्या टप्प्याच्या पाच इंजिनांखाली उभे असता. ३६३ फूट लांबीचे ते रॉकेट आडवे टांगलेले आहे आणि त्याचे टप्पे एकमेकांपासून थोडे विलग ठेवलेले असल्यामुळे कोणता कुठे संपतो हे चालत चालत पाहता येते. फळ्यावर ते तीन टप्पे काढणारा शिक्षक या दालनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळ घेईल, याचा तुम्हीच विचार करा. पलीकडे अपोलो १४ चे मूळ अवकाशयान आहे आणि हाताने स्पर्श करता येईल असा चंद्रावरच्या खडकाचा तुकडाही आहे.

दुसरी मुख्य गोष्ट म्हणजे प्रवेशसंकुलातील अटलांटिस ही स्पेस शटल. १९८५ ते २०११ या काळात ३३ वेळा अवकाशात जाऊन आलेले हे यान तिथे पाठीवरच्या मालकक्षाची दारे उघडलेल्या अवस्थेत, तिरके टांगून ठेवले आहे. त्याला दीड ते दोन तास द्यावेत. उरलेली दालने, म्हणजे रॉकेट गार्डन, अंतराळवीरांचे सन्मानदालन आणि २०२२ मध्ये उघडलेले गेटवे, यांसाठी आणखी दोन-तीन तास लागतात. शिवाय जेवण आहे, रांगा आहेत आणि आईंसाठी मध्ये मध्ये बसणे आहे. या सर्वांची बेरीज सात-आठ तासांवर जाते.

चांदणवेल

मला एवढा वेळ लागेल असे वाटत नाही. आम्ही ह्यूस्टनचे अवकाश केंद्र चार तासांत व्यवस्थित पाहिले आणि तिथेही सॅटर्न रॉकेट आहेच. लहान मुले बरोबर असताना दिवसभर पायपीट केली तर कोणालाच काही आठवत नाही. पाच तासांत निवडक गोष्टी पाहाव्यात आणि वेळेवर विमानतळावर पोहोचावे, हे मला अधिक योग्य वाटते.

उंबरझाड

मुलांच्या थकव्याविषयी आपले म्हणणे मान्य आहे, परंतु ह्यूस्टनचा हिशेब इथे लावता येणार नाही. ह्यूस्टन हे उड्डाणानंतर मोहिमेचे नियंत्रण करणारे आणि अंतराळवीरांना प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. फ्लोरिडात रॉकेट जोडली जातात आणि तिथूनच उडतात, त्यामुळे परिसर अवाढव्य आहे आणि सॅटर्नचे दालन प्रवेशद्वारापासून कित्येक किलोमीटर दूर, केंद्राच्या संरक्षित भागात आहे. तिथे स्वतःच्या गाडीने जाता येत नाही. म्हणजे बसची रांग आणि बसचा प्रवास कोणालाही चुकत नाही.

घाटमाथा

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, म्हणून ज्येष्ठांच्या दृष्टीने थोडे लिहिते.

जुलैमधले ऊन आणि दमट हवा अतिशय त्रासदायक असते आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस येणे हे नित्याचेच आहे. त्यामुळे उघड्यावरची ठिकाणे, विशेषतः रॉकेट गार्डन, सकाळीच किंवा पाऊस पडून गेल्यावर पाहावीत आणि दुपारचा वेळ वातानुकूलित अटलांटिस दालनासाठी राखावा. आईंसाठी प्रवेशाजवळ चाकांची खुर्ची भाड्याने मिळते, ती संकोच न करता घ्या. आमच्या सासूबाई आधी नको म्हणत होत्या, परंतु खुर्ची घेतल्यामुळेच त्यांना सायंकाळपर्यंत सर्वांबरोबर राहता आले. अटलांटिसच्या दालनात वरच्या मजल्यावरून खाली येण्यासाठी उतार आणि उद्वाहन दोन्ही आहेत.

त्या दालनातील उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रात बसण्यासाठी ४४ इंच उंचीची अट आहे. तुमचा मुलगा बसू शकेल, मुलगी बहुधा नाही. गुडघेदुखी, पाठदुखी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी त्यात बसू नये. तेवढ्या वेळात मुलीला गेटवेजवळच्या प्लॅनेट प्ले या खेळघरात नेता येईल. तिथे मोठ्या माणसांना बसायला जागा आहे, ही आईंच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

अटलांटिसच्या खालच्या मजल्यावर अपघातात नष्ट झालेल्या चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन शटलमधील चौदा अंतराळवीरांचे स्मृतिदालन आहे. प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र कपाट असून त्यात त्यांच्या आवडीच्या, वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. कल्पना चावला यांच्या कपाटासमोर भारतीय कुटुंबे बराच वेळ थांबतात आणि आम्हीही थांबलो. माझ्या मते या दालनासाठी वेगळा अर्धा तास ठेवावा आणि मुलाला आत नेण्यापूर्वी १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबियाचे काय घडले ते सांगून ठेवावे. कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आणि चॅलेंजरच्या कवचाचा तुकडा तिथे समोर दिसतो, ते पूर्वकल्पनेशिवाय पाहणे मुलांना जड जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की आवडेल. सुनीता विल्यम्स यांची अवकाशस्थानकावरची पहिली दीर्घ मोहीम संपल्यावर जून २००७ मध्ये त्या पृथ्वीवर परतल्या त्या याच अटलांटिसमधून. यानाच्या तळावरच्या, उष्णतेपासून संरक्षण करणाऱ्या काळ्या टाइल्स अगदी जवळून पाहता येतात.

सांजतारा

सर्वांनी वेळेविषयी चांगले लिहिले आहे. मी फक्त तारखेविषयी सांगतो, कारण तारीख ठरवल्याशिवाय तास ठरत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी त्या आठवड्यातील प्रक्षेपणांचे वेळापत्रक अवश्य पाहावे. आता या किनाऱ्यावरून रॉकेट फार वारंवार उडतात. ज्या दिवशी मोठे प्रक्षेपण असते त्या दिवशी बसफेरीचा मार्ग किंवा वेळ बदलू शकतो, गर्दी वाढते आणि उड्डाणानंतर परतीच्या रस्त्यावर वाहने तासन्‌तास खोळंबतात. सायंकाळचे विमान असलेल्या दिवशी असा योग आला तर विमान चुकण्याची खरोखरच भीती आहे.

याउलट मधला दिवस मोकळा ठेवलात आणि त्या दिवशी उड्डाण असेल, तर तो मोठा लाभ आहे. मात्र हवामानामुळे किंवा तांत्रिक कारणाने उड्डाण शेवटच्या क्षणी पुढे ढकलले जाणे ही इथली सामान्य बाब आहे, तेव्हा सगळा दिवस त्याच आशेवर ठेवू नये. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांचे उड्डाणही अनेकदा पुढे ढकलले गेले होते. अखेर २५ जूनला ते ३९-ए या तळावरून निघाले. १९६९ साली अपोलो ११ त्याच तळावरून गेले होते. बस जाताना हा तळ दुरून दिसतो, मुलाला आणि बाबांना तो ओळखायला सांगा.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही शेवटच्या दिवसाचा विचार सोडून दिला आहे आणि आठवड्याच्या मधला बुधवार केंद्रासाठी ठेवला आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. ओरलँडोहून सकाळी किती वाजता निघावे? आणि आई किंवा मुलगी दुपारी थकली तर बाबांना आणि मुलाला तिथेच ठेवून आम्हाला काही काळ बाहेर जाता येईल का?

उंबरझाड

ओरलँडोच्या उद्यानांच्या भागातून केंद्रापर्यंत साधारण तासाभराचा प्रवास आहे. पूर्वेकडे जाणारा ५२८ क्रमांकाचा टोल-रस्ता सोयीचा आहे, त्यामुळे भाड्याच्या गाडीत टोलची सोय आहे का ते आधी विचारून घ्या. पावणेआठला निघालात तर वाहनतळ आणि सुरक्षा तपासणी धरून दार उघडताना तुम्ही तिथे असाल. आत गेल्यावर इकडेतिकडे न रेंगाळता थेट बसच्या रांगेत उभे राहा, कारण अकरानंतर ती रांग वाढत जाते आणि शेवटची बस केंद्र बंद होण्याच्या दोन-अडीच तास आधीच सुटते. बरेच लोक अटलांटिस आधी पाहतात आणि मग सॅटर्नसाठी त्यांच्याकडे वेळच उरत नाही. परतीच्या बसला ठरावीक वेळेचे बंधन नसते, पाहून झाले की पुढची बस पकडायची, त्यामुळे सॅटर्नच्या दालनात बाबांना घाई करू नका.

दुसऱ्या शंकेविषयी सांगायचे तर बाहेर जाण्यापेक्षा दोन गट करणे सोपे पडेल. सकाळची बसफेरी सर्वांनी एकत्र करावी. सॅटर्नच्या दालनातच उपाहारगृह आहे, तिथे आईंना आणि मुलीला बसवून बाकीच्यांना निवांत फिरता येईल. परत आल्यावर जेवण करून सर्वांनी मिळून अटलांटिस पाहावे आणि साधारण तीननंतर तुमच्यापैकी एकाने आईंना व मुलीला घेऊन प्लॅनेट प्लेमध्ये थांबावे, दुसऱ्याने बाबांबरोबर आणि मुलाबरोबर उरलेली दालने पाहावीत. त्या दिवशी अंतराळवीरांशी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम असेल तर त्याची वेळ सकाळीच प्रवेशाजवळच्या फलकावर पाहून घ्या आणि दोन गटांची वाटणी त्या वेळेभोवती करा. इतर दालने मागेपुढे करता येतात, परंतु या कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते आणि मुलाला तिथे स्वतः प्रश्न विचारण्याची संधी मिळू शकते.