मदत हवी आहे : रशियन प्रजासत्ताकात मध्यम-उजवा पक्ष कोणाच्या मतांवर उभा करू?

मंडळी, एक काल्पनिक कथा लिहितोय. १९१७ मधला बोल्शेविकांचा (लेनिनच्या कम्युनिस्टांचा) उठाव फसला, संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एका दिवसात गुंडाळली गेली नाही, हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्कीने जाहीर केलेलं प्रजासत्ताक टिकलं. साल १९३०. मिल्युकोव्हचे कॅडेट (उदारमतवादी घटनात्मक लोकशाही पक्ष) आणि गुच्कोव्हचे ऑक्टोब्रिस्ट (घटनात्मक राजेशाहीवाले) यांच्या उरल्यासुरल्या लोकांतून एक मध्यम-उजवा पक्ष निघतो. इथवर ठीक.

पण मतं? संविधान सभेच्या खऱ्या निवडणुकीत कॅडेट पेत्रोग्राड आणि मॉस्कोत दुसरे आले, देशभरात मात्र जेमतेम पाचेक टक्के. खेडी शेतकऱ्यांच्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाची. वकील-प्राध्यापकांच्या जिवावर सरकार येत नसतं! माझी मदार झारचा पंतप्रधान स्तोलिपिनच्या जमीन सुधारणांनंतर गावकीतून (जमीन सामायिक ठेवणाऱ्या ग्रामसमुदायातून) फुटून स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यावर आहे. अडचण अशी की १९१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच जणांना गावकीनेच परत आत ओढलं. मग हा वर्ग तेरा वर्षांत पुन्हा उभा राहील का, की सहकारी पतसंस्थांमधून पक्ष बांधणं जास्त पटेल?

दुसरं, ऑर्थोडॉक्स चर्चला सोबत घेतलं तर कॅडेटांचे ज्यू समर्थक टिकतील का? मला तरी अवघड वाटतं. रशियन इतिहास वाचलेल्यांनी बिनधास्त चिरफाड करा. पक्षाला नावही सुचवा, ‘लोक’ आणि ‘स्वातंत्र्य’ सोडून.