माकडाच्या पांढऱ्या पेशीतलं गोल डिफेन्सिन आपल्यात का नाही?

स्लाइडवाली: बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, बघतेय. लीशमन स्टेन हा रंग नीट चढला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचा तीन-चार पाकळ्यांचा जांभळा केंद्रक दिसतो, भोवती गुलाबीसर बारीक कण. जंतू मारणारी डिफेन्सिन्स अशा कणांतच साठवलेली असतात, एवढं डीएमएलटीला (लॅब तंत्रज्ञाच्या डिप्लोमाला) घोकलं होतं. परवा कळलं, ऱ्हीसस माकडाच्या न्यूट्रोफिलमध्ये ‘गोल’ डिफेन्सिन असतं आणि माणसात ते नसतं. गोल म्हणजे काय? आणि आपलं गेलं कुठे?

पेप्टाइडवेडा: ताई, माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात! एरवीचं पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांचा छोटा दोरा, त्याला दोन टोकं. तुमचं गोल डिफेन्सिन, म्हणजे थीटा-डिफेन्सिन, ही १८ अमिनो आम्लांची बांगडी, आतून सल्फरचे तीन टाके घातलेली. टोकच नाही, त्यामुळे टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) धरायला जागा मिळत नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला सेल्स्टेड यांच्या गटाने ते शोधलं. मला सगळ्यात भावतं ते हे, की ही अख्खी बांगडी एका जनुकातून येत नाही. दोन जनुकांतून नऊ-नऊचे दोन तुकडे येतात आणि पेशी ते सांधते.

आपलं जनुक गेलेलं नाही. अस्थिमज्जेत त्याचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची नक्कल, सुद्धा बनतो. फक्त सुरुवातीलाच अवेळी ‘थांबा’ची खूण पडलीय, म्हणून पुढचं प्रथिन होत नाही. गोरिला-चिंपांझीचंही तेच. ओरांगउटानचं मात्र शाबूत आहे.

घाटावरचा: एक भर घालतो. महाबळेश्वरला हातातलं कणीस पळवतं ते ऱ्हीसस नव्हे, बॉनेट जातीचं माकड. दोघांना आपण लाल तोंडाचं माकडच म्हणतो, म्हणून सांगितलं.

स्लाइडवाली: मग ती खूण ओलांडता आली तर?

पेप्टाइडवेडा: तेच करून पाहिलंय. लेरर, कोल वगैरे संशोधकांनी आपल्या मुक्या जनुकातला मजकूर वाचून ते पेप्टाइड प्रयोगशाळेत घडवलं. नाव रेट्रोसायक्लिन. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की ते पेशींना एचआयव्हीपासून वाचवतं. २००९ मध्ये अमिनोग्लायकोसाइड गटातली प्रतिजैविकं वापरून मानवी पेशींकडूनच ते बनवून घेतलं, कारण ही औषधं रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला, ‘थांबा’ ओलांडायला लावतात. पण हे पेशींवरचे प्रयोग. जेंटामायसिन त्याच कुळातलं, मूत्रपिंडं आणि कान दोन्हींना जपावं लागतं. कुणी स्वतःवर करून बघू नका.

स्लाइडवाली: आमच्याकडे केमोच्या पेशंटांचे स्मिअर येतात. कधी कधी अख्ख्या स्लाइडवर चार न्यूट्रोफिल मोजताना डोळे दुखतात. उद्या त्या चारांकडे जरा जास्त वेळ बघेन.